श्वासाची जागा

माझे दाजी कवळ्या बनवतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. खरं तर तसं म्हणायचा हक्क फक्त माझा, पण आता दातांचे डॉक्टर, पोस्टमन, समोरचा न्हावी, सगळेच त्यांना दाजी म्हणतात. त्याला कारण माझा आवाज. मी रस्त्यावरून हाक मारायचो ती पलीकडच्या चौकात ऐकू जायची, आणि तेच नाव त्यांना चिकटलं. मी गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक!" म्हणून ओरडणाऱ्या माणसाकडून गोड गळ्याची अपेक्षा कोणी करू नये.

दाजींची लॅब म्हणजे राहत्या घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं डॉक्टरांचं नाव. खिडकीखाली कामाचं टेबल. त्यावर रबराचा वाडगा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि दातांच्या रंगांचे नमुने, पांढऱ्याशुभ्रपासून ते आयुष्यभर सिगारेटी ओढलेल्या पिवळ्यापर्यंत. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, दाजी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतात, त्यावर मेण चढवतात आणि मेणात एकेक दात बसवत जातात. माणूस त्यांना कधी दिसत नाही, त्याचं तोंड तेवढं हातात येतं. पण तेवढ्यावरून ते माणूस सांगतात. "हे गृहस्थ एकाच बाजूनं जेवतात." "ह्या बाई झोपेत दात खातात, घरी कोणावर तरी राग आहे." माझ्या जबड्याचा साचा हातात घेऊन म्हणाले होते, "मेहुणे, तुम्ही झोपेतसुद्धा शिकवणी घेता."

शेवटचा दात बसवायच्या आधी मात्र ते थांबतात. दोन्ही हात टेबलावर टेकवतात, एक श्वास घेतात आणि मग दात लावतात. त्यामुळे कवळी चांगली बसते की नाही मला माहीत नाही, पण त्यांच्या कवळ्या परत येत नाहीत असं डॉक्टर म्हणतात. हे थांबणं त्यांनी एका गिटारवाल्याकडून उचललं. म्हणजे आमची सगळ्यांची तशी समजूत होती.

त्या गिटारवाल्याला आम्ही म्हातारा म्हणतो. तो ऐन तारुण्यात होता तेव्हापासून म्हणतो, कारण पहिल्या अल्बमवरच्या फोटोत त्याची दाढी छातीपर्यंत आली होती. आता तो खरोखरच म्हातारा झालाय, त्यामुळे आमचंच बरोबर ठरलं. त्याच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो की गाणं सुरू झाल्यावर चहा टाकावा, उकळावा, गाळावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी गायकानं अजून तोंड उघडलेलं नसतं. ताल चारचा समजून मान हलवायला जावं तर तो सातचा निघतो आणि मान मध्येच लोंबकळत राहते. एकदा मात्र ते अंगात भिनलं की सुटका नाही. दाजींनी मला ते लावलं आणि मग आम्ही दोघांनी आणखी दोघांना.

ते दोघं म्हणजे नर्सबाई आणि शंकासुर. नर्सबाई मोठ्या हॉस्पिटलात पाळ्या करतात. रविवारी दुपारी येतात, खुर्चीत बसून डोळे मिटतात आणि टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी सात मोजत राहतात. झोपल्या असं समजून आपण काही चुकीचं बोललो की डोळे न उघडता दुरुस्त करतात. शंकासुर फ्रिज दुरुस्त करतो. त्याला कोणी "शतायुषी हो" म्हटलं तरी तो "कशावरून?" असं विचारेल. फ्रिजचं तसं असतं म्हणे, गिऱ्हाईक सांगतं एक आणि बिघडलेलं असतं दुसरंच.

आम्ही चौघं लॅबमध्ये बसायचो. वरून पाहणाऱ्याला वाटेल की जबड्यांच्या फळ्यांसमोर काहीतरी शोकसभा चाललीय. अल्बमांची खरी नावं आम्ही कधी घेत नाही. एक 'जिना', कारण मुखपृष्ठावर जिना आहे. एक 'बादली', एक 'निळी बाई'. दाढी काढल्यानंतर त्यानं जो अल्बम काढला त्याला आम्ही 'दुखवटा' म्हणतो, कारण त्यात त्यानं गिटार जवळजवळ खाली ठेवली आणि सगळा कारभार कीबोर्डवाल्याच्या हातात दिला. 'दुखवटा' चांगला आहे असं जगात एकट्या शंकासुराला वाटतं. त्यावरून एकदा शब्दानं शब्द वाढला, मी त्याला "तू फ्रिजच ऐकत जा" म्हणालो आणि तो उठून गेला. मग दोन रविवार तो फिरकला नाही. त्यानंतर आला तो 'दुखवटा' काखोटीला मारूनच आला.

पण आमचा सगळ्यात लाडका अल्बम म्हणजे 'सभागृह'. म्हाताऱ्याच्या एका जुन्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण. ज्या कंपनीनं ते काढलं ती लवकरच बुडाली आणि अल्बम पुन्हा कधी निघालाच नाही. दुकानात नाही, इंटरनेटवर नाही. आमच्याकडे होती फक्त एक कॅसेट, आणि ती ताईनं भरलेली.

ताईचं आणि दाजींचं लग्न ठरलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ती रेकॉर्ड आहे असं तिला कळलं. रेकॉर्ड मैत्रिणीच्या भावाची, आणि भाऊ ती घराबाहेर काढू देईना. मग ताई आमच्या घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली. तो स्पीकरसमोर ठेवला, खिडक्या लावून घेतल्या, घरातल्या सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि कॅसेट भरून आणली. होणाऱ्या नवऱ्याला भेट म्हणून. पुढं तो भाऊ परदेशी गेला, रेकॉर्डही गेली, आणि आमच्यापैकी कोणीही ती डोळ्यांनी पाहिली नाही.

ताईचा ह्या संगीताशी संबंध तेवढाच. नंतर ती त्याला "तुमचं ते भांडी घासणं" म्हणायची. तिनं नोकरी सोडल्यावर वरच्या मजल्यावर शिवणकाम सुरू केलं. लोकांच्या बाह्या आखूड कर, पँटी उसवून सैल कर, बटणं लाव. बारीक काम करताना तिला भान राहायचं नाही. लहानपणी ती सुईत दोरा ओवायला लागली की तिचं नाक वाजायचं. मी तिला 'कुकर' म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो. दाजींवर तिचा जीव होता, पण तो तिच्या बोलण्यातून कधी कळायचा नाही. मशीनवर बसल्या बसल्या ती वरून ओरडायची, "खाली भूकंप झालाय की तुमचा म्हातारा आलाय?"

आता 'सभागृह'बद्दल सांगायला हवं. त्यात एकच लांबलचक रचना आहे. मध्यावर गिटार हळू होत होत एका सुरावर येऊन टेकते. तो सूर विरतो. मग काहीच नाही. थोडी खरखर, आणि त्या शांततेत कोणीतरी श्वास घेतं. अगदी स्पष्ट ऐकू येतं. आत ओढलेला श्वास, आणि त्याच्या टोकाला नाकातली एक बारीक शीळ. मग 'टक्', आणि गिटार पुन्हा त्याच सुरावर उठते, पण आता मोकळी, मोठी.

ह्याला आम्ही 'श्वास' म्हणायचो. दाजी म्हणायचे 'जागा'. "काय जागा घेतलीय! हजारो माणसं समोर बसलीत आणि हा आधी श्वास घेतो. बाकीचे वाजवून दाखवतात, हा थांबून दाखवतो."

त्या जागेवर आम्ही किती रविवार घालवले त्याला गणती नाही. खरखर म्हणजे त्याची खुर्ची सरकली. 'टक्' म्हणजे त्यानं पायाखालचं पेडल दाबलं. शिळेचं निदान नर्सबाईंनी केलं, नाकाचं हाड वाकडं, तारुण्यात नाक फुटलेलं असणार. मग आम्ही दाजींचं कामाचं भिंग घेऊन 'जिना'च्या मुखपृष्ठावरचं त्याचं नाक तपासलं आणि ते डावीकडे झुकलंय यावर एकमत झालं. मी स्वतः प्रत्येक वेळी म्हणायचो, "आणि श्रोते बघा! एक खोकला नाही. असे श्रोते आता राहिले नाहीत."

एकट्या शंकासुराला ते पटायचं नाही. "कशावरून त्याचाच श्वास? त्याचे बाकीचे कार्यक्रम मी ऐकलेत. कुठंच थांबत नाही तो तिथं. टेपचा दोष आहे."

"त्या दिवशी थांबला," दाजी शांतपणे म्हणायचे. "आणि टेपच्या दोषाला नाक असतं का हो?"

एकदा शंकासुरानं ती कॅसेट घरी नेली आणि कॉम्प्युटरवर साफ करून सीडीवर आणली. खरखर गेली, शांतता गेली, गिटार सुरापासून सुरापर्यंत सलग. दाजींनी ऐकलं. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलंय. "तुम्ही त्याचा श्वास काढलात," एवढंच म्हणाले आणि ती सीडी परत त्याच्या खिशात सारली. मग स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला.

श्वासाच्या वेळी हलायचं नाही हा आमचा नियम. कप हवेत असला तर हवेतच ठेवायचा. ताई ट्रे घेऊन जिना उतरत असली आणि जागा आली तर दाजी नुसता हात वर करायचे. ती कपाळाला आठ्या घालून दारातच उभी राहायची. 'टक्' झालं की आत यायची आणि म्हणायची, "झाला का श्वास घेऊन? घ्या आता चहा. तो गार झाला तर म्हाताऱ्याला सांगा गरम करून द्यायला."

ताई गेली. आजार छोटा होता, तयारीला वेळ न देणारा. दाजी रडले, आलेल्यागेलेल्यांशी बोलले, आणि मग खाली जाऊन कामाला बसले. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते, ती राहायला आली होती. एका संध्याकाळी तिनं घरातले सगळे फोन गोळा केले आणि आईचा आवाज शोधायला बसली. फोटो होते भरपूर. आवाज कुठंच नव्हता. ताईसमोर कोणी कॅमेरा धरला की ती तोंडावर हात धरून गप्प व्हायची, नाहीतर काहीतरी उचलायला म्हणून आत निघून जायची. नातेवाइकांच्या लग्नांच्या चित्रफितींत ती होती, पण मागं, खुर्च्या हलवताना. मुलीनं शेवटी फोन खाली ठेवले आणि म्हणाली, "एक हाक तरी असायला हवी होती रे मामा."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी लॅबमध्ये बसलो होतो. दाजी वाडग्यात प्लास्टर कालवत होते. कालवता कालवता थांबले.

"मेहुणे, मला तिचा आवाज आठवत नाही."

"असं कसं?"

"काय म्हणायची ते सगळं आठवतं. शब्द आठवतात. पण ते माझ्याच आवाजात येतात."

वाडग्यात प्लास्टर घट्ट होत होतं आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून उगाचच एका स्कूटरवाल्यावर ओरडलो. मला माझ्या बहिणीची आठवण आली की मी कोणावर तरी ओरडतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हापासून दाजींनी एकच गोष्ट मनात धरली. म्हाताऱ्याला भेटायचं. "त्याला विचारायचंय," ते म्हणाले, "थांबल्यावर पुन्हा सुरू कसं केलंस. मी अडकलोय मेहुणे. काम करतो, जेवतो, झोपतो, पण पुढचा सूर लागत नाही. त्याला ठाऊक असणार. तो तिथं थांबला होता आणि मग पुढं गेला." हे ऐकून शंकासुरसुद्धा "कशावरून?" म्हणाला नाही.

आणि म्हातारा आला. शेवटचा दौरा म्हणून जाहीर झाला, त्यात आमच्या शहराचं नाव होतं. त्याच्या वयामुळे कार्यक्रम दुपारचा ठेवला होता. कार्यक्रमानंतर थोड्याच लोकांना तो भेटणार, एक सही आणि एक प्रश्न. कार्यक्रमाची तिकिटं चौघांनाही मिळाली, भेटीचं मात्र एकच. मी चिठ्ठ्या टाकू म्हणालो, तर नर्सबाईंनी चक्क डोळे उघडले. "नाटकं पुरेत. दाजी जातील."

त्या दिवशी दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कानामागं प्लास्टरचा पांढरा ठिपका राहिला होता. मी तो पुसला नाही. म्हातारा खुर्चीत बसूनच वाजवत होता. हात बारीक झाले होते, पण बोटं पडदे चुकत नव्हती. 'जिना'मधलं झालं, 'निळी बाई'मधलं झालं. 'दुखवटा'मधलं एक वाजवलं तेव्हा शंकासुर उभा राहिला आणि मागच्यांनी त्याला खाली बसवलं. शेवटी 'सभागृह'मधली ती रचना सुरू झाली.

मध्य जवळ आला तशी नर्सबाईंची बोटं मोजायची थांबली. शंकासुर पुढं सरकला. गिटार हळू हळू होत त्या सुरावर आली आणि मी सवयीनं श्वास रोखला.

म्हातारा थांबला नाही. तो सूर पुरता विरायच्या आत तोच सूर मोठा होऊन पुढं निघून गेला. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शंकासुर इतकी वर्षं जे म्हणत आला तेच खरं निघालं होतं, पण तो तोंडात मारल्यासारखा बसला होता.

"वय झालंय त्याचं," मी टाळ्यांच्या आवाजात दाजींच्या कानाशी ओरडलो. "विसरला असेल."

त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी ते कळलं नाही.

भेटीच्या दारावरचा माणूस मला अडवत होता, पण माझ्या आवाजापुढं त्यानं हात टेकले आणि आम्हा दोघांनाही आत सोडलं. म्हातारा एका टेबलाशी बसला होता. बोटांना ऊब म्हणून त्यानं दोन्ही हातांत कागदाचा कप धरला होता. दाजींनी ती कॅसेट त्याच्यासमोर ठेवली. कित्येक आठवडे घोकलेला प्रश्न, पण आयत्या वेळी ततपप झालं.

"ह्या कार्यक्रमात... मधोमध तुम्ही थांबलात. श्वास घेतलात. आज थांबला नाहीत."

म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. "मी? मी तिथं कधीच थांबलेलो नाही."

"ह्यावर आहे."

त्यानं कॅसेट उचलली, उलटसुलट केली, डबीवरचं ताईचं टपोरं अक्षर पाहिलं आणि एकदम हसला. "हे रेकॉर्डवरून भरलंय ना? मग बरोबर. तिथं पहिली बाजू संपायची. मी कंपनीशी केवढा भांडलो होतो, मधोमध कापू नका म्हणून. पण एका बाजूवर ते मावेना." त्यानं सही केली आणि कॅसेट परत दिली. "तिथं मी नाही थांबत. तिथं ऐकणारा थांबायचा. उठायचा, रेकॉर्ड उलटायचा, सुई ठेवायचा. मग मी पुढं."

दाजी कॅसेट हातात धरून तिथंच उभे राहिले. मागचा माणूस पुढं सरकला. मला राहवलं नाही, मी विचारून घेतलं, "तुमचं नाक कधी मोडलं होतं का?"

म्हाताऱ्यानं नाक चाचपलं. "नाही. का? वाईट दिसतंय?"

आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. टपावर शिकाऊ चालकाची पाटी असलेली गाडी. मी सगळं मागच्या दोघांना सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची कसली, पेडल कसलं, आणि ते शांत श्रोते! सभागृहच नव्हतं ते. बंद खिडक्यांची एक खोली होती. इतकी वर्षं आम्ही चार शहाणी माणसं एक रेकॉर्ड उलटण्याला दाद देत होतो.

"दाजी," शंकासुर मागून म्हणाला, "मी टेपचा दोष म्हणत होतो. माझंही चुकलंच." त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. पुढं सिग्नल लाल झाला, मी गाडी थांबवली.

"मेहुणे," ते म्हणाले, "रेकॉर्ड कोणी उलटली?"

"कोणती रेकॉर्ड?"

"खिडक्या लावल्या होत्या. घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं होतं. आवाज नको म्हणून." ते माझ्याकडे वळले. "मग उलटली कोणी?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सिग्नल सुटल्यावर जागच्या जागी बसून राहणाऱ्या शिकाऊ लोकांना मी रोज फाडून खातो, आणि मला पहिला गिअर सापडत नव्हता. ती शीळ. लहानपणी त्या शिळेच्या शेजारी बसून मी अभ्यास केला होता, तिच्यावरून धपाटे खाल्ले होते, आणि मोठेपणी दर रविवारी ती ऐकून एका परक्या माणसाचं नाक भिंगातून तपासलं होतं. मागच्या सीटवर नर्सबाई रडत होत्या. त्या माणसं जाताना रोज बघतात, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ताई स्वतः ट्रे घेऊन दारात उभी राहायची, तिलाही कधी कळलं नाही. स्वतःचा श्वास कोण ओळखतं? आणि आम्ही तिला हात दाखवून गप्प उभं करायचो.

"घरी जाऊन लगेच लावू या," मी म्हणालो.

"नको," दाजी म्हणाले. "मुलीला येऊ दे."

मुलगी पुढच्या रविवारी आली. दाजींनी तिला काहीच सांगितलं नव्हतं, फक्त ये म्हणाले होते. चहा आधीच होऊन गेला होता, मध्ये व्यत्यय नको म्हणून. नर्सबाई डोळे उघडे ठेवून बसल्या. शंकासुरानं टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसून दिलं, आणि कॅसेट मात्र जशी होती तशीच लावली. टेबलावर एक कवळी मेणात अर्धवट उभी होती, शेवटचा दात बाजूला पडलेला.

"बाबा, हे तुमचं नेहमीचंच आहे," मुलगी थोड्या वेळानं म्हणाली. लहानपणापासून तिनं ते दारापलीकडून ऐकलेलं. आईसारखंच तिलाही त्यातलं काही कळत नाही.

"थांब जरा," दाजी म्हणाले.

गिटार हळू झाली. त्या सुरावर आली, टेकली, विरली. खरखर झाली. आम्ही कोणीच हललो नाही. मग तो श्वास आला, आत ओढलेला, आणि त्याच्या टोकाला नाकातली बारीक शीळ.

मुलीनं मान वर केली. जिन्याकडे पाहिलं, जणू वरून कोणी उतरतंय.

"आई सुईत दोरा ओवतेय," ती म्हणाली.

'टक्' झालं आणि गिटार सुरू झाली. दाजींनी हात पुढं केला आणि म्हाताऱ्याला मध्येच बंद केलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मग कॅसेट थोडी मागं घेतली आणि पुन्हा लावली.